ट्रेलर पद्धतीचा ब्लोअर : चाकांच्या बेअरिंगची हंगामपूर्व निगा

द्राक्षबागेत फळछाटणीनंतर डोळे फुगू लागतात, त्याच सुमारास उडद्या भुंगेरे त्यांवर उपजीविका सुरू करतात. भुंगेऱ्याने पोखरलेला डोळा फुटत नाही आणि त्यातून येणारा घड त्या हंगामापुरता जातो. पुढे कोवळ्या फुटीवर व फुलोऱ्यात फुलकिडे येतात, पाऊस झाल्यास केवडा रोगही बळावतो. या सर्व अवस्थांत उपाययोजनेसाठी मोजकेच दिवस हाती असतात. म्हणून बहुतेक बागायतदार हंगामापूर्वी ब्लोअरचा पंप, नोझल आणि पंखा तपासून घेतात. मात्र ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या ब्लोअरचा सर्व भार ज्या दोन चाकांवर असतो, त्यांच्या बेअरिंगकडे चाक डगमगू लागेपर्यंत लक्ष जात नाही. एक हजार लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होते. भरलेल्या टाकीसह चाक निखळल्यास फवारणीचा दिवस तर वाया जातोच, शिवाय औषधाचे द्रावण रस्त्यावर, ओढ्यात वा विहिरीच्या परिसरात सांडण्याचा धोका असतो.

बेअरिंग खराब का होते?

या चाकांच्या हबमध्ये सामान्यतः दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. आतील बाजूस ऑइल सील आणि बाहेरील बाजूस ग्रीस कॅप असते. वजन पेलण्यासाठीच घडवलेले हे बेअरिंग केवळ भारामुळे सहसा लवकर निकामी होत नाही. त्याचा खरा शत्रू हबमध्ये शिरणारे पाणी हा आहे.

बागेतील संथ चालीत हब फारसे तापत नाही. परंतु एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाताना डांबरी रस्त्यावरील वेगामुळे ते तापते आणि आतील हवा प्रसरण पावते. घरी परतताच यंत्र थंड पाण्याने धुतले, तर ही हवा एकाएकी आकुंचन पावते, हबमध्ये निर्वात निर्माण होतो आणि सीलच्या कडेवरील पाणी आत ओढले जाते. तापलेल्या हबसह ओढा ओलांडतानाही हेच घडते. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरची चाके रस्त्यावरून येताच पाण्यात उतरवावी लागत असल्याने त्यांच्या बेअरिंगची अशीच दुर्दशा होते. प्रेशर वॉशरचा झोत थेट सीलवर धरल्यास हब थंड असतानाही पाणी आत जाते.

ब्लोअरच्या बाबतीत हे पाणी शुद्ध नसते. त्यात विद्राव्य खतांचे क्षार असतात, ते गंजण्याची क्रिया वेगवान करतात. बोर्डो मिश्रण तयार करताना त्यात लोखंडी पाते बुडवून पाहण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. पात्यावर तांबूस थर आल्यास मिश्रण आम्लधर्मी असून चुना कमी पडला आहे, असे समजतात. त्या थरामागे लोह विरघळते व त्याच्या जागी तांबे बसते. असे आम्लधर्मी द्रावण हबमध्ये गेल्यास बेअरिंगच्या पोलादावरही हीच क्रिया होते.

यंत्र महिनोन्महिने उभे राहिल्यास आत शिरलेले पाणी तळाशी साचते आणि तेथील रोलरच्या अंतराने कपवर गंजाचे पट्टे उमटतात. पुढील हंगामात भार येताच याच पट्ट्यांपासून धातूचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजेच ऐन फवारणीत दिसणाऱ्या बिघाडाचे मूळ बहुधा विश्रांतीच्या काळात असते.

न उघडता करावयाची तपासणी

१. टाकी रिकामी करून, आतून-बाहेरून धुऊन यंत्र सपाट जागी ट्रॅक्टरला जोडलेलेच ठेवावे. ट्रॅक्टरचा हँडब्रेक लावून दुसऱ्या चाकास पुढे-मागे ठोकळे द्यावेत. जॅकने चाक उचलल्यावर एक्सलखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकवर विसंबू नये.

२. चाक वरून व खालून धरून हलवावे. खडखड जाणवल्यास नट सैल झाला आहे अथवा बेअरिंग झिजले आहे.

३. चाक हाताने फिरवावे. घरघर किंवा अडखळणे हे खराब बेअरिंगचे लक्षण होय.

४. रिमच्या आतील बाजूस ग्रीस पसरलेले दिसल्यास सील निकामी झाले आहे.

५. रस्त्यावरून आल्यावर दोन्ही हबजवळ हाताची मागील बाजू नेऊन उष्णता ताडून पाहावी. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापले असल्यास ते उघडावे.

हब उघडल्यानंतर

हबवर व जुन्या ग्रीसमध्ये औषधांचे अंश असू शकतात, म्हणून रबरी हातमोजे वापरावेत. ग्रीस कॅप, कॉटर पिन, नट व वॉशर काढून हब ओढून घ्यावे. डाव्या व उजव्या चाकांचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

ग्रीसचा रंग प्रथम पाहावा. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी शिरल्याची खूण. बेअरिंग केरोसिन वा डिझेलमध्ये धुऊन स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावे. कॉम्प्रेसरच्या हवेने ते फिरवू नये. रोलर सुटून इजा होऊ शकते. रोलरवर निळसर वा तपकिरी छटा असल्यास ग्रीस कमी पडले किंवा नट अति आवळला गेला, असे समजावे. खड्डे, पापुद्रे वा खोल गंज दिसल्यास कोन व कप ही जोडी एकत्रच बदलावी. सील मात्र प्रत्येक वेळी नवे बसवावे. त्याची ओठासारखी कडा हबच्या आतील बाजूस यावी आणि तिच्यावर ग्रीसचा हात फिरवावा.

तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहावे. दुसऱ्या कडेने रोलरमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. चाकांच्या बेअरिंगसाठी शिफारस केलेले, पाण्यास टिकणारे ग्रीस निवडावे. वेगळ्या प्रकारचे ग्रीस जुन्यात मिसळू नये. हबमधील पोकळी ठासून भरू नये. ती एकतृतीयांश ते निम्मी भरणे पुरेसे असते. ग्रीस निप्पल असलेल्या हबमध्ये चाक फिरवत सावकाश ग्रीस द्यावे, अन्यथा दाबाने मागील सील बाहेर ढकलले जाते.

नट आवळताना चाक सतत फिरवत राहावे. किंचित अडथळा जाणवताच नट सैल करून पुन्हा केवळ हाताने बसवावा व जवळची खाच छिद्राशी जुळवून नवी कॉटर पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, परंतु डगमगू नये. सैल नटाइतकाच अति आवळलेला नटही घातक असतो. पहिल्या १० ते १५ किलोमीटरनंतर हबची उष्णता, प्ले आणि चाकाचे नट पुन्हा तपासावेत. वापरलेले केरोसिन व जुने ग्रीस बांधावर वा गटारात न टाकता बंद डब्यात साठवावे.

वेळापत्रक

पावसाळा संपताना, फळछाटणीपूर्वी हब उघडून ग्रीस बदलावे. काढणीनंतर यंत्र उभे करण्यापूर्वी न उघडता तपासणी करावी; पाणी शिरल्याची शंका असल्यास त्याच वेळी हब उघडावे, पुढील छाटणीची वाट पाहू नये. फवारणीच्या काळात रस्त्यावरून आलेले यंत्र हब हाताला गार लागेपर्यंत सावलीत उभे ठेवून मगच धुवावे आणि झोत सीलवर धरू नये. या सवयीला काहीही खर्च येत नाही, तरी बेअरिंगचे आयुष्य तिच्यामुळेच सर्वाधिक वाढते.

विस्तार कार्यकर्त्यांनी ब्लोअर कॅलिब्रेशनच्या प्रात्यक्षिकातच चाक उचलून हलवून पाहण्याची तपासणी समाविष्ट करावी. योग्य औषध व योग्य मात्रा निवडूनही यंत्र वेळेवर बागेत पोहोचले नाही, तर भुंगेऱ्यापासून डोळा वाचत नाही.