रविवारची घाई करू नकोस

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, प्रार्थनाच होत नाही गं." मी गप्प राहिले, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तुझे काका गेले, तेव्हा मलाही होत नव्हती. त्यांच्या साखरेच्या गोळ्यांची वारांची डबी होती. बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे आणि गुरुवारपासून गोळ्या तशाच. ती डबी मी पाच महिने हलवली नाही. तूही काही हलवू नकोस. कपाट कधी आवरायचं ते तुझं तू ठरव.

शब्द फुटत नसतील तर उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. २३वं स्तोत्र तुला येणारे-जाणारे वाचून दाखवतीलच. तू ८८वं उघड. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरी पवित्र शास्त्रातून ते कुणी गाळलं नाही, आणि मला त्याचाच फार आधार झाला. देवाशी भांडलीस तर अविश्वासू ठरशील, असं मनात आणू नकोस. खुद्द प्रभूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीचा टाहो फोडला होता.

आणि जेवत जा. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, त्याला झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. माझ्याकडे त्या दिवसांत शेजारची एक बाई यायची. पिठलं-भाकरी झाकून ठेवायची, मोरीतली भांडी घासायची आणि निघून जायची. एक वचन म्हणून कधी ऐकवलं नाही तिने. "देवाची इच्छा" म्हणणारे पुष्कळ येतील, त्यांचा राग धरू नकोस. ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस, सात रात्री जमिनीवर मुकाट बसले होते तोवर बरे होते.

दुःख किती दिवस पुरेल याचा हिशेब मांडू नकोस. मान्ना एका दिवसाचाच मिळायचा, साठवला की त्यात किडे पडायचे.

मला अशा वेळी केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. १९२१ साली चाळिशीतली एकुलती एक लेक मनोरमाही गेली. त्या वेळी त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मराठी बायबलच्या भाषांतराचं काम चालू होतं. हिब्रू आणि ग्रीक त्या मोठेपणी शिकल्या होत्या. लेकीनंतर वर्षही पुरं जगल्या नाहीत, पण एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते काम त्यांनी सोडलं नाही. दुःख सरलं म्हणून त्या कामाला बसल्या, असं मला वाटत नाही. हातात होतं ते करत राहिल्या, आणि त्यांना धरून ठेवणारा त्या कामातच त्यांना भेटत असणार. तुझ्या हातात काय आहे, लेकाची शाळा, शिवणाचं मशीन? रोज त्यातलं थोडंसं कर.

उत्तम शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामधल्या शनिवारी आपल्याकडे कुणी फारसं थांबत नाही. लूक सांगतो, प्रभूची कबर पाहून आलेल्या बायांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ म्हणून विसावा घेतला. कबर रिकामी होणार आहे हे त्यांना कुठे ठाऊक होतं? तू सध्या त्या शनिवारात आहेस, तिथे बसायला लाजू नकोस. पुनरुत्थानावर माझा पुरा विश्वास आहे, तुझ्या वाटचाही सध्या मीच ठेवते.

या ईस्टरला नगरला ये. पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्तानातच असते. आदल्या दिवशी दोघी मिळून काकांच्या कबरीवरचा पाचोळा झाडू, चुन्याचा हात देऊ, झेंडूच्या माळा ओवू. चारला उठावं लागेल. गाणं आलं नाही तर नुसती माझ्याजवळ उभी राहा.