गर्दीचा कौल आणि स्वतःचा निर्णय

एखाद्या वस्तूचा भाव चढू लागला की तो का चढतो याचा शोध घेण्याऐवजी, भाव चढतो आहे हेच खरेदीचे पुरेसे कारण आहे असे लोक मानू लागतात. शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यावे, आपण घेतले म्हणून तिसऱ्याने घ्यावे, अशी ही साखळी असते. आपल्या आधीच्याने चौकशी केलीच असेल, असा प्रत्येकाचा समज असतो. आणि बहुधा ती कोणीच केलेली नसते.

मुंबईने याचा अनुभव फार पूर्वी घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अपूर्व भाव आला. तो पैसा मुंबईत नव्या कंपन्यांच्या भागांकडे वळला. बॅक बे भागात समुद्र हटवून जमीन निर्माण करू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. या तेजीचा पाया दूरदेशीचे युद्ध हा होता. ते संपताच ती ओसरणार, हे उघड होते. परंतु पाहणाऱ्यांची दृष्टी भावावर होती, पायावर नव्हती. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि १ जुलै या सौद्यांच्या फेडीच्या दिवशी अनेक धनिकांचे दिवाळे वाजले.

सुमारे दीडशे वर्षांनी हाच प्रकार बिटकॉइन या कूटचलनाच्या निमित्ताने दिल्लीत घडला. २०१५ च्या सुमारास दिल्लीच्या अमित भारद्वाज यांनी ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना पुढे आणली. गुंतवलेल्या बिटकॉइनवर अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्येच, असे आश्वासन होते. म्हणजे एका नाण्याच्या बदल्यात १.८ नाणी. २०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव सुमारे एक हजार डॉलरवरून वीस हजारांच्या जवळ पोहोचला. या वाढीमुळे योजनाही भक्कम असली पाहिजे, असे अनेकांना वाटले.

येथे थोडे गणित पुरेसे होते. नवी बिटकॉइन नाणी संगणकांच्या साहाय्याने, ‘मायनिंग’ नावाच्या प्रक्रियेतून मिळतात. पण त्यांची संख्या संगणकांच्या संख्येवर अवलंबून नसते. साधारणपणे दर दहा मिनिटांना नाण्यांचा एक ठरावीक संच निघतो. २०१६ च्या जुलैपासून तो साडेबारा नाण्यांचा होता. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे अठराशे नाणी. संगणक वाढले तर काम आपोआप अधिक अवघड होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी नाणी येतात. भाव चढला की मायनिंगकडे अधिक लोक वळतात आणि वाटा आणखी घटतो. तात्पर्य, ज्या भाववाढीला लोक योजनेचा आधार समजत होते, तीच नाण्यांतील ठरावीक परताव्याच्या विरुद्ध जाणारी होती.

पुढे परताव्यात बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ हे योजनेचेच नाणे दिले जाऊ लागले. तक्रारी वाढल्या, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली आणि २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतर प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली व परिसरासह पुणे, नांदेड, कोल्हापूर अशा अनेक ठिकाणी झडत्या झाल्या.

यावरून गर्दीच्या नेहमी विरुद्ध जावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विरोधासाठी विरोध करणारा मनुष्यही गर्दीकडे पाहूनच चालतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कूटचलनांच्या व्यवहारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली, आणि त्या वर्षअखेर भाव तीन हजार डॉलरच्या आसपास उतरला. एक घटना दुसरीचे कारण आहे असे समजणे सोपे होते; परंतु भाव जागतिक बाजारात ठरतो आणि मनाई केवळ भारतीय बँकांपुरती होती. दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ती रद्द केली. भाव २०२१ च्या नोव्हेंबरात सुमारे एकोणसत्तर हजार डॉलरवर गेला आणि पुढच्याच नोव्हेंबरात सोळा हजारांखाली आला. दोन्ही टोकांना गर्दी आपल्या मताविषयी निःशंक होती.

म्हणून कोणत्याही तेजीमंदीत तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. भाव कशामुळे हलला? ते कारण नाहीसे झाले तर काय उरेल? आणि मिळणारा परतावा नेमका कोणाच्या खिशातून येतो? उत्तरे व्यवहारापूर्वी कागदावर लिहून ठेवावीत आणि नंतर ताडून पाहावीत. स्वतंत्र निर्णयही चुकतोच. परंतु त्याची कारणे समोर असल्यामुळे चूक कोठे झाली ते सापडते. गर्दीबरोबर केलेल्या चुकीतून एवढेही शिकता येत नाही.