कोकोची बी आणि एक लोहार

गतवर्षी आपल्या वसतिगृहातील काही मुलांनी कोकोच्या वाळलेल्या बिया कुंडीत पेरल्या. रोज पाणी घातले, तरी महिनाभरात एकही उगवली नाही. दोष मुलांचा नव्हता. कोकोची बी वाळली की मरते. ज्वारी-हरभऱ्याप्रमाणे ती राखून ठेवून पुढच्या मृगाला पेरता येत नाही. बाजारात मिळणारी बी तर आंबवून वाळवलेली, पुष्कळदा भाजलेलीही असते.

म्हणून घरी रोप करावयाचे तर पिकलेले ताजे फळच मिळवावे. केरळ व कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागांत कोकोचे आंतरपीक घेतात. (आपल्या कोकणातील कोकम निराळे, नावाच्या साम्याने पालकही फसतात.) फळात पांढऱ्या, आंबटगोड गरात साधारण 30 ते 40 बिया असतात. राखेने किंवा लाकडाच्या भुशाने चोळून गर काढावा आणि शक्यतो त्याच दिवशी बी आडवी ठेवून दोनेक सेंटीमीटर खोल लावावी. एक-दोन आठवड्यांत अंकुर येतो व बी स्वतःच मातीबाहेर उचलली जाते. सोटमूळ खोल जात असल्याने कुंडी उंच हवी, तळाला छिद्र हवे. कोवळ्या रोपाला अर्धी सावली व दमट हवा मानवते. देशावरची थंडी आणि विदर्भातील उन्हाळा त्याला सोसत नाही. तीन-चार वर्षांनी थेट खोडावर फुले येतात. अनेक झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या झाडांच्या बियांची दोन रोपे जवळ ठेवावीत.

बीच्या या अल्पायुष्याला इतिहासही आहे. कोकोचे मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात. आजच्या घानात बासेल मिशनच्या लोकांनी आधी लागवडीचे प्रयत्न केले, पण पीक पसरले नाही. पुढे टेटे क्वार्शी नावाचा लोहार फर्नांडो पो बेटावरून मायदेशी परतला व 1879 साली त्याने माम्पाँग येथे कोको लावला. त्याने आणलेल्या बिया ओल्याच असल्या पाहिजेत. वाळलेल्या उगवल्या नसत्या. त्याच्या झाडांच्या बिया शेजारच्या शेतकऱ्यांनी नेल्या. मोठ्या मळेवाल्यांनी नव्हे, मुख्यतः अशा लहान शेतकऱ्यांनी हे पीक वाढविले आणि 1911 साली ‘गोल्ड कोस्ट’ कोको उत्पादनात जगात पहिला झाला. चॉकलेटच्या इतिहासात युरोपातील कारखानदारांची नावे ठळक अक्षरांत सापडतात. लोहाराचे नाव मात्र शोधावे लागते. इतिहासाच्या तासाला मी ते फळ्यावर लिहून ठेवतो.

यंदा मुलांनी फळ फोडले त्याच दिवशी बिया लावल्या. बारापैकी नऊ उगवल्या. कुंड्या वाचनालयाच्या ओसरीवर आहेत. स्नेहमेळाव्यास येणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. प्रेमाने प्रत्येकाने तांब्याभर पाणी मात्र घालू नये.