विसराळू मुलास कामाची घडी कशी लावून द्यावी?

पाचगणीच्या परिसरात शेतकऱ्याचे मूल आईबापांच्या मागे वावरताना स्ट्रॉबेरीची लागवड पाहते. आधी गादीवाफा, मग ठिबकची नळी, त्यावर आच्छादन आणि शेवटी रोप, हा क्रम त्यास कोणी पाठ करून दिलेला नसतो. तेच मूल शाळेत 'वही काढा, तारीख लिहा, तीन उदाहरणे सोडवा' एवढे ऐकून वहीपाशीच थांबते व 'आळशी' ठरते. शेतात पुढचे काम डोळ्यांसमोर उभे असते; वर्गात ते केवळ शब्दांत असते आणि शब्द विरून जातात.

मानसशास्त्रात या शक्तीस कार्यकारी क्षमता म्हणतात. ऐकलेले काम होईपर्यंत ध्यानात धरणे, मनाची ओढ आवरणे आणि प्रसंग बदलताच रीत बदलणे, ही तिची तीन मुख्य अंगे होत. मेंदूच्या पुढील भागाशी ती निगडित असून तिची वाढ विशीनंतरही चालू राहते. मग सात वर्षांच्या बालकाकडून ती पूर्णत्वाने कशी अपेक्षावी? दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे; अशा मुलांत ही शक्ती पुष्कळदा दुबळी आढळते. तथापि विसरणारे प्रत्येक मूल दिव्यांग नव्हे. निदान हे तज्ज्ञाचे काम आहे. आधार देणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.

विशेष शिक्षक व उपचारतज्ज्ञ यांना अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. घाटमाथ्यावरील पावसात एखादी भेट चुकते आणि उपाय टिपणवहीतच राहतो. म्हणून दोघांनी मिळून पुढीलप्रमाणे काम करावे.

१. एका वेळी एकच उद्दिष्ट घ्यावे. उदाहरणार्थ, वर्गात आल्यावर छत्री, दप्तर व वही जागच्या जागी ठेवणे.

२. कामाचे टप्पे चित्रांनी पाटीवर मांडावेत. प्रत्येक टप्पा होताच मुलाने एक खडा पुढे सरकवावा. बोर्डी येथे १९४५ साली बालशिक्षणाचे कार्य आरंभिताना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी भोवतालच्या साध्या वस्तूंतूनच साधने घडविली होती.

३. 'आता पुढे काय?' हे मुलास विचारावे. उत्तर आपण देऊ नये.

४. काम अंगवळणी पडू लागताच एकेक चित्र काढून घ्यावे. आधार कायमचा राहिल्यास मूल परावलंबी होते; एकदम काढल्यास गोंधळते.

तज्ज्ञाची व्यावसायिक वाढही याच मार्गाने होते. कोणत्या टप्प्यावर मूल अडले, कोणता आधार दिला व काय घडले, अशा तीन ओळी शिक्षकाने रोज लिहाव्यात. भेटीस येताच तज्ज्ञाने प्रथम त्या वाचाव्यात व फसलेला उपाय निःसंकोच बदलावा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा एका मुलाची नोंद, त्याचे नाव न घेता, सर्वांपुढे ठेवून चर्चा करावी. फसलेल्या उपायाचीही नोंद ठेवावी, कारण तिच्यापासून इतर शाळांचे श्रम वाचतात.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. वर्षानुवर्षे 'आळशी' हा शब्द ऐकणारे मूल अखेर तो खरा मानते आणि शाळेपासून दूर जाते. तो शब्द उच्चारण्यापूर्वी, पुढचे काम मुलास दिसत होते काय, हे शिक्षकाने स्वतः पडताळून पाहावे.