हाताचे सांधे सांभाळा, कामाची रीत बदला



लागण, खुरपणी, धारा काढणे ही सारी कामे हातावर चालतात. कोयता बोथट झाला तर आपण त्याला लगेच धार लावतो. मात्र सकाळी बोटे आखडली, मनगट ठणकू लागले, तर ‘कामाने होतंय, चालायचंच’ म्हणून सोडून देतो. घरातील बायामाणसे तर बोलतही नाहीत. म्हणून या अंकात हाताच्या दुखण्याविषयी उपयुक्त माहिती देत आहोत.

दुखणे ओळखा

१) सांध्यांची झीज : उतारवयात अंगठ्याचे मूळ व बोटांच्या टोकाकडचे सांधे दुखतात. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात जातो. काम वाढले की दुखणे वाढते.

२) सुजेचा संधिवात : दोन्ही हातांचे सांधे व मनगटे सुजतात. सकाळी तास-तास मूठ वळत नाही. हा ऐन उमेदीतही होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो.

३) मनगटात नस दबणे : रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते.

चिकुनगुन्याच्या तापानंतरही सांधे कित्येक महिने दुखू शकतात.

कामाची रीत

तत्त्व सोपे आहे. बोटांची आवळ कमी करावी आणि भार मोठ्या सांध्यांवर न्यावा.

१) खुरप्याची मूठ बारीक असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून ती जाड करावी. बारीक मूठ धरायला बोटे जास्त आवळावी लागतात.

२) बेणे तोडताना कोयता धारदार असावा. बोथट कोयत्याचा हिसका मनगटाला बसतो.

३) धार काढताना अंगठा दुमडून सड दाबू नये, पूर्ण मुठीने काढावी. अंगठ्याचा सांधा वाचतो आणि सडालाही इजा होत नाही.

४) भरलेली बादली बोटांवर लोंबकळत नेऊ नये. निम्मी भरावी, दोन खेपा कराव्यात. गोधडी पिळत बसू नये, दांडीवर टाकून निथळू द्यावी.

५) दिवसभर एकच काम नको. तासभर खुरपले की थोडा वेळ दुसरे काम घ्यावे.

सकाळी सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटे हात ठेवून मूठ सावकाश उघडमिट करावी. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा. असे दहा वेळा करावे, जोर लावू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हुमणी लागलेला ऊस पिवळा पडेतो थांबलो तर तोवर मुळ्या खाल्लेल्या असतात. सुजेच्या संधिवाताचेही तसेच आहे. सांधे सुजून काही आठवडे झाले, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाला तर बोटे वाकडी होण्याचे बहुतांशी टळते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. एका दिवसात आराम देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकते. त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. डॉक्टरांनी संधिवातावर मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ती मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गोळीचा वार चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

तेव्हा सभासदांनी आज घरी गेल्यावर सर्वांना, विशेषतः आई, पत्नी, सुना यांना, सकाळी मूठ नीट वळते का हे आवर्जून विचारावे. ‘नाही’ म्हणाल्या तर पुढच्या लागणीची वाट पाहू नये.

— ऊस विकास अधिकारी