चाळीसगावचा टांगा आणि आजची सायकल

इ. स. १९२९ मध्ये एका गावातील बहिष्काराची चौकशी करून परतताना बाबासाहेब चाळीसगावी उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याने पायी चालत यावे, हे वस्तीला रुचेना. टांगा भाड्याने मिळाला आणि वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने लगाम धरला. दोनशे पावलांवर मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरील मोरीवर बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. प्रतिष्ठा जपताना आपली माणसे प्रवाशाची सुरक्षितता विसरली, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

हा प्रसंग आम्ही अस्पृश्यतेचा म्हणून शिकवितो, ते योग्यच. त्यातील हा दुसरा धडा मात्र राहून जातो. भूमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने मुली सायकलीवर शाळेत जातात. त्याच रस्त्यावर आपण प्रतिष्ठेपायी अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देतो! २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याच्या गुन्ह्याबद्दल पालकालाच तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आपले माजी विद्यार्थी आता स्वतःच्या मोटारीने शाळेत येतात, याचा आम्हांस अभिमान आहे. वाटेत सायकल दिसताच त्यांनी वेग उतरवावा आणि चांगले चार-पाच फूट अंतर सोडूनच पुढे जावे. तेवढी जागा नसेल, तर मागे थांबावे.