कोराडीवरून सॅन फ्रान्सिस्को

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरी केलेल्या कितीतरी घरांतली पोरं आता कॅलिफोर्नियात आहेत. त्यामुळे ‘किती लांब आहे हो?’ हा प्रश्न कोराडीत नेहमीचा. तो सोडवता सोडवता जे उमगलं, ते असं.

१. भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा, पृथ्वीगोल घ्या आणि नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. नकाशा पाहून वाटतं, विमान पूर्वेला चीन, जपान करत जाईल. दोरा मात्र नेपाळ, तिबेट, मंगोलियाची पश्चिम कड असा चढत सायबेरियाच्या वर 72 अंश अक्षांशापर्यंत पोचतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून ही रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण 19 अंश कलून निघते. त्या दिशेला अठरा किलोमीटरवर काय आहे? आमचं कोराडी!

२. आता गणित. नागपूर 79.05 पूर्व, सॅन फ्रान्सिस्को 122.38 पश्चिम, बाजू वेगळ्या म्हणून बेरीज, 201.43. ही 180 च्या वर गेली, म्हणजे पलीकडची बाजू जवळची. 360 मधून वजा करून 158.57. अक्षांश 21.09 आणि 37.62. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा; दोन्हींचे कोसाइन आणि 158.57 चा कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवा. उत्तर येतं उणे 0.468; हा ज्याचा कोसाइन, तो कोन सुमारे 118 अंशांचा. दर अंशाला 111.2 किलोमीटर धरले की झाले साधारण 13,100 किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे ना, तेवढं बघा.

३. विमानवाल्यांचा मैल 1.852 किलोमीटरचा, रस्त्यावरचा 1.609 चा. कोणी अंतर मैलांत सांगितलं, तर कोणता मैल ते आधी विचारा.

४. मधला थांबा कुठे, यावर सगळं आहे. दिल्लीमार्गे 855 अधिक 12,380. सरळ रेषेपेक्षा जेमतेम सव्वाशे किलोमीटर जास्त. दोह्याला 2,840 किलोमीटर पश्चिमेला जाऊन बसलात, तरी तिथून सॅन फ्रान्सिस्को उरतंच जवळपास 13,000! एवढी मजल मारून हाती लागले शंभरेक किलोमीटर.

५. रेषा काढली म्हणून विमान तिच्यावरून जात नाही. तिबेटवरून जाणं विमानं शक्यतो टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर लगेच खाली यावं लागतं, आणि तिथे खाली डोंगरच उंच. वाऱ्याचंही तसंच. एअर इंडियाने 2016 च्या ऑक्टोबरात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झालं, पण पाठीवर वारा मिळाल्याने वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटला.

६. इतकं सांगूनही शेजारच्या काकू दोह्यानेच जाणार. बॅग नागपुरात टाकली की थेट तिकडेच घ्यायची, दिल्लीला टर्मिनल शोधत फिरायला नको. यावर माझ्याकडे कोसाइन नाही.